शिमग्याला कोकणात जाताना

कोकणातला शिमगा बघायचा ठरवलंत तर पहिला फोन हॉटेलला लावू नका, गावातल्या कुणाला तरी लावा. कारण साधं आहे. कॅलेंडरमध्ये होळी फाल्गुन पौर्णिमेच्या चौकटीत छापलेली असते, आणि तुम्हाला ज्या गावात जायचंय तिथला होम दोन दिवस आधीच लागून गेलेला असू शकतो. रत्नागिरी जिल्ह्यात काही गावांचा शिमगा 'तेरसा', म्हणजे त्रयोदशीला होम लागणारा, तर काहींचा 'भद्रेचा', म्हणजे पौर्णिमेला होम लागणारा. एकमेकांना खेटून असलेल्या दोन गावांतही हा फरक असतो. त्यामुळे "कोकणात होळी कधी?" या प्रश्नाला उत्तरच नाही. "तुमच्या गावचा होम कधी?" असं विचारायचं.

मग आणखी दोन-तीन गोष्टी विचारून ठेवा. देवाला रूपं कधी लागतात? पालखी सहाणेवर किती दिवस असते आणि वाड्यांमधून फिरायला कधी निघते? गावात खेळे, म्हणजे नमनाचे खेळ करणारी मंडळी, आहेत का? यातली रूपं म्हणजे ग्रामदेवतेचे चांदीचे, क्वचित सोन्याचे मुखवटे. एरवी ते कडीकुलपात असतात आणि शिमग्यात पालखीत विराजमान होतात. सहाण ही गावाची मानाची जागा, तिथे पालखी बसते आणि लोक दर्शनाला येतात. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला, हा सगळा पसारा उघडतो. त्या दिवसापासून रोज रात्री लहान लहान होळ्या लागतात आणि शेवटी मोठा होम. त्यानंतर कुठे पाच दिवस, कुठे पंधरा दिवस, तर कुठे थेट गुढीपाडव्यापर्यंत पालखी घरोघर फिरते. चिपळूण-गुहागरकडच्या काही पालख्या मात्र होमाच्या आधीच गावभोवनीला, म्हणजे गावफेरीला, बाहेर पडतात आणि होमासाठी परत येतात. एवढी माहिती हाताशी आल्याशिवाय तिकीट काढू नका.

माझं मत स्पष्टच सांगतो: चार दिवस हाताशी असतील तर चार गावं करू नका. एकच गाव धरा. शिमग्यात कार्यक्रमपत्रिका नसते. गाडी काढून आज दापोलीची पालखी, उद्या राजापूरची, परवा मालवणचं रोंबाट, म्हणजे सोंगांची मिरवणूक, असा बेत आखणारे लोक मी पाहतो. त्यांच्या वाट्याला मुख्यतः रस्ता येतो. एका गावात थांबलात तर दुसऱ्या दिवशी लोक नावाने हाक मारायला लागतात, तिसऱ्या दिवशी कुणीतरी पंगतीला बोलावतं, आणि पालखी कुठल्या घरी केव्हा पोचेल याचा अंदाज तुम्हालाही यायला लागतो.

गाव नसलेल्यांनी काय करायचं? तुमच्या सोसायटीत, कार्यालयात, ओळखीपाळखीत कोकणातला एखादा माणूस असतोच. शिमग्याला चाकरमानी रजा टाकून गावी जातो म्हणजे जातोच, आणि "येऊ का?" असं विचारलंत तर बहुधा नाही म्हणत नाही. तेही जमलं नाही तर गावातच घरगुती राहण्याची सोय शोधा, समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये नको. किनाऱ्यावर झोपलात तर रात्री दोन वाजता वरच्या वाडीत वाजणारा ढोल ऐकू येणार नाही. आणि शिमगा बराचसा रात्री दोनलाच असतो.

ज्याला पहिल्यांदाच जायचंय आणि ओळख अजिबात नाही, त्याला मी रत्नागिरी शहर सुचवतो. तिथलं ग्रामदैवत श्री देव भैरी, बारा वाड्यांचा भैरीबुवा. पौर्णिमेच्या रात्री इतर ग्रामदेवतांच्या पालख्या त्याच्या भेटीला येतात, मग मध्यरात्री भैरीची पालखी बाहेर पडते आणि झाडगावच्या सहाणेकडे जाते. शहर असल्यामुळे राहण्याची, जेवणाची, दवाखान्याची सोय आहे, आणि त्या गर्दीत परका माणूस परका वाटत नाही. गर्दी मात्र प्रचंड असते. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि हरवलो तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवून ठेवा. ढोलांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही.

आता घरी येणाऱ्या पालखीबद्दल थोडं सविस्तर, कारण शिमग्याचा जीव तिथे आहे आणि पाहुण्यांचा गोंधळही तिथेच उडतो.

पालखी "दुपारी येईल" असं कळलेलं असतं. घरातली माणसं सकाळपासून उठून लागलेली असतात. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, पाट मांडलेला, ओटीचं ताट भरून देवापाशी ठेवलेलं. दुपार टळते, संध्याकाळ होते. कुणी विचारलं तर सिंधुदुर्गात उत्तर मिळतं, "पालखी येतली तेव्हा येतली." हे उडवाउडवीचं उत्तर नाही. आधीच्या प्रत्येक घरात पालखी किती थांबेल हे त्या घराच्या नवसावर, म्हाताऱ्या माणसांवर, नव्या सुनेच्या पहिल्या ओटीवर अवलंबून असतं, आणि तिथून ती घाईने उठवायची नसते. पाहुण्याने या वाट पाहण्याला कंटाळू नये. नारळ सोलायला, चहाचे पेले धुवायला, अंगणात दिव्याची वायर ओढायला हात लावावा.

मग ढोल आधी ऐकू येतो, निशाण दिसतं आणि पाणंदीतून पालखी वर येते. घरातली बाई पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालते, औक्षण करते. पालखी पाटावर बसते. ओटीत खण, नारळ, तांदूळ, सुपारी. घरोघरी यात थोडा फरक असतो, म्हणून शहरातून महागडी साडी घेऊन जाण्यापेक्षा घरच्या बाईला आधी विचारलेलं बरं. मग मानकरी किंवा गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहतो. त्यात घरातल्या माणसांची नावं येतात, मुंबईला असलेला मुलगा येतो, अडलेलं लग्न येतं, दुखणं येतं, आणि प्रत्येक मागण्यावर जमलेली माणसं एका आवाजात "होय महाराजा" म्हणतात. या वेळी मोबाइल खाली ठेवा. एका घराचं सगळं खाजगी त्या अंगणात उघड्यावर बोललं जात असतं. ते ऐकायला मिळणं हाच मोठा मान आहे, त्याचं चित्रीकरण करून ठेवायची गरज नाही.

फोटोंचा नियम एरवीही लक्षात ठेवा. रूपं लावताना आणि उतरवताना फोटो काढू नका. काही ठिकाणी ते पाहायचीही मुभा नसते. पालखी नाचत असताना सहसा कुणाची हरकत नसते, तरी मानकऱ्याला विचारून घ्या. ड्रोन उडवायचा असेल तर गावाची परवानगी हवी, एका ओळखीच्या मुलाची नव्हे. पालखीजवळ जाताना चपला लांब काढा. कमरेचा चामडी पट्टा आणि खिशातलं पाकीट चालतं का, तेही विचारा. बायकांनी पालखीला हात लावायचा का, खांदा द्यायचा का, याबाबत प्रत्येक गावाची रीत वेगळी आहे. अलीकडे काही ठिकाणी बायका पालखी नाचवतात आणि ते बघताना मला आनंद होतो. पण ही गोष्ट त्या गावच्या बायकांनी ठरवायची, बाहेरून आलेल्यांनी नव्हे.

पालखी नाचवायला तुम्हाला बोलावलं तर आढेवेढे घेऊ नका, पण पुढच्या गोष्टी पाळा. जोडीला तुमच्याच उंचीचा माणूस हवा, नाहीतर सगळा भार एकाच्या खांद्यावर येतो. खांद्यावर टॉवेलाची घडी ठेवा. डोल गुडघ्यातून द्यायचा, कमरेतून नाही. कमरेतून हिसके दिले तर दुसऱ्या दिवशी वाकता येत नाही. नजर पायांकडे न ठेवता समोरच्या माणसाकडे ठेवा, ढोलाचा ताल बदलला की तो आधी बदलतो. आणि दांडी पुढच्या माणसाने पक्की धरली असं त्याने तोंडाने सांगितल्याशिवाय खांदा काढू नका. पाठीचं दुखणं असेल, किंवा घोटभर जरी प्यायला असाल, तर हात जोडून नाही म्हणा. पालखीत गावाचा देव आहे आणि आजूबाजूला लहान मुलं असतात.

काही गावांत पालखी 'खुणा' काढते, म्हणजे लपवलेला नारळ किंवा वस्तू शोधते. पुरलेला नारळ शोधायच्या या प्रकाराला चिपळूणकडे शेरणं म्हणतात. माणसं गोल करून उभी असतात आणि मधून पालखी अक्षरशः धावते, वळते, मागे फिरते. अशा वेळी रिंगणाच्या आत पाऊल टाकू नका, कडेने मुलांना खांद्यावर घेऊन उभे राहा. विश्वास ठेवायचा की नाही हा तुमचा प्रश्न, पण तिथे उभं राहून पैजा लावायच्या नाहीत.

रात्री खेळे येतात. नमन-खेळ्यांत गण, गवळण आणि पुढे वगनाट्य, असं करत पहाट होते. संकासुर काळ्या पोशाखात, तोंडावर मुखवटा, कमरेला घुंगरू, आणि तो मुद्दाम मुलांच्या अंगावर धावून जातो. मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे भीतीची मजा होते. सिंधुदुर्गात राधा, गोमू, रोंबाट. कुडाळ तालुक्यात नेरूरच्या मांडावर येणारी भली मोठी चित्रं आणि सोंगं पाहायला लांबून माणसं येतात. किनाऱ्यावरच्या गाबीत वस्त्यांमध्ये फाग गायले जातात. ते ऐकायचे तर एखाद्या जाणत्या माणसाशेजारी बसा, संदर्भ तोच सांगू शकतो. खेळे दारात आले की त्यांना पोस्त द्यायचं. सुट्टे पैसे जवळ ठेवा. गावात एटीएम असेलच असं नाही, आणि असलं तरी शिमग्यात त्यात पैसे उरलेले नसतात.

होमाजवळ सुती कपडे घाला. होमासाठी उभं करायचं झाड गावाप्रमाणे बदलतं: आंबा, पोफळ, सावर, सुरमाड. ते खांद्यावरून वाजतगाजत आणतात, आणि शेंड्यासकट उभं करताना दोर सुटला तर कुठे पडेल सांगता येत नाही. झाडाच्या उंचीहून अधिक अंतर राखूनच थांबा. झाड तोडण्याबद्दल मनात प्रश्न येणं स्वाभाविक आहे, आणि तो योग्यही आहे. पण पाहुणा म्हणून होमापाशी वाद घालून काही साधत नाही. तुमचं स्वतःचं गाव असेल तर गावकीच्या बैठकीत बोला आणि पावसाळ्यात रोपं लावायला या.

आगीबद्दल एक गोष्ट फार कळकळीने सांगायची आहे. मार्चमध्ये कोकणातलं गवत वाळून कोळ झालेलं असतं, आणि त्याच वेळी आंबा-काजूच्या बागा भरात असतात. एका ठिणगीने लागलेला वणवा कुणाची पंधरा-वीस वर्षांची कलमं एका दुपारी घेऊन जातो. होमातलं जळकं लाकूड गंमत म्हणून उचलून नेणं, सड्यावर बसून शेकोटी करणं, सिगारेटचं थोटूक गाडीतून फेकणं, यांपैकी काहीही करू नका, आणि बरोबरच्यांनाही करू देऊ नका.

धुळवडीबद्दल शहरी मंडळींचा हटकून गैरसमज होतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी पिचकाऱ्या घेऊन बाहेर पडाल तर अनेक गावांत लोक चकित होतील. तिथे धुळवड राखेची, मातीची, रंग रंगपंचमीला. फाका आणि बोंबा मात्र होमाच्या रात्री असतात आणि त्यांची भाषा मोकळी असते. ती रीत आहे, पण तिच्या आडून कुणी बाईच्या अंगचटीला आलं तर तो रीतीचा भाग नाही. लगेच जवळच्या मानकऱ्याला सांगा. गावात अशा तक्रारीची दखल पटकन घेतली जाते.

जेवणाचंही विचारून घ्या. होळीला पुरणपोळी, आणि पालखी ज्या दिवशी घरात-वाडीत असते त्या दिवशी बहुतेक घरांत सोवळं-शाकाहार. मासे-मटणाची फर्माईश त्या दिवशी करू नये. कोंबडी-वड्यांना पुढे मोकळे दिवस आहेत. आणि पाणी जपून वापरा. कोकणात पाऊस धो धो पडतो म्हणून पाणी भरपूर असेल असं वाटतं, पण जांभ्या दगडातून ते झिरपून जातं आणि मार्चपासून विहिरी खाली जायला लागतात. दहा पाहुण्यांची दोन वेळची आंघोळ एखाद्या घराला जड जाते, आणि घरचे ते तुम्हाला कधीही बोलून दाखवणार नाहीत. सकाळी दहा ते चार ऊन चांगलंच भाजतं. शहाळं, कोकम सरबत आणि दुपारची झोप यांच्याशिवाय रात्रीचं जागरण झेपत नाही.

प्रवासाचं बोलायचं तर रेल्वे उत्तम. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि शिमग्याच्या गाड्या उघडताच भरतात. कोकणकन्या, मांडवी, तुतारी, जनशताब्दी यांत जागा नाही मिळाली तर खास गाड्यांच्या घोषणांवर लक्ष ठेवा, एस.टी.ही जादा गाड्या सोडते. स्टेशन निवडताना नकाशा बघा. संगमेश्वर रोड, राजापूर रोड, सावंतवाडी रोड या नावांतला 'रोड' गांभीर्याने घ्या, गाव स्टेशनपासून दूर असतं. रात्री उतरणार असाल तर रिक्षा आधी सांगून ठेवा. स्वतःच्या गाडीने निघालात तर माणगाव-इंदापूरचा पट्टा पहाटे पार करा.

गोव्यातल्या शिगम्याचं गणित वेगळं आहे. तिथे धाकटा शिगमो आणि व्हडलो शिगमो असे दोन भाग पडतात. ढोबळमानाने धाकटा पौर्णिमेपर्यंत संपतो आणि व्हडलो तिथून सुरू होतो. कुठला तालुका कशात मोडतो ते स्थानिकाकडून कळतं. पणजी, मडगाव, फोंडा, म्हापसा, वास्को या शहरांत रोमटामेळ (सामूहिक नाच) आणि चित्ररथांच्या मिरवणुका वेगवेगळ्या दिवशी निघतात, त्यांच्या तारखा सरकार जाहीर करतं. वेळ कमी असेल, म्हातारी माणसं बरोबर असतील, तर या मिरवणुका फार सोयीच्या. संध्याकाळी लवकर पोचा, गाडी शहराबाहेर लावा आणि मिरवणूक जिथून सुटते त्या टोकाला उभे राहा. शेवटच्या टोकाला ती मध्यरात्री पोचते आणि नाचणारे तोवर दमलेले असतात.

पण जमलं तर एक दिवस डिचोली किंवा सत्तरीतल्या घोडेमोडणीसाठी ठेवा. कमरेला लाकडी घोड्याचा सांगाडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचणारे ते स्वार देवळासमोरच्या मातीत पाहायचे, शहरातल्या डांबरावर नव्हे. जांबावलीचा गुलाल होळीनंतर साधारण आठवड्याने येतो. तिथला देव श्री दामोदर मूळचा मडगावचा, पोर्तुगीज काळात सोळाव्या शतकात तो जांबावलीला हलवला गेला, आणि मडगावकर आजही या उत्सवाला आपलाच मानून जातात. अंगावरचे कपडे पुन्हा वापरायचे नाहीत असं समजूनच तिथे जा, आणि कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळा. काणकोणात श्रीस्थळच्या मल्लिकार्जुनाची शिशारान्नी, जिथे माणसांच्या डोक्यांवर भांडं ठेवून भात शिजवतात, ती दरवर्षी नसते, वर्षाआड होते. नीट चौकशी न करता तिथे जाऊ नका.

ज्यांना होळीला जमत नाही त्यांच्यासाठी त्याआधीचे दोन मुक्काम आहेत. महाशिवरात्रीला देवगडचं कुणकेश्वर: समुद्राला लागून देऊळ, आणि गावोगावच्या देवतांच्या स्वाऱ्या तिथे तीर्थस्नानाला येतात. ओहोटीची वेळ बघून जा, किनाऱ्यावर उभं राहायला जागा मिळते. दुसरा, मालवण तालुक्यात मसुऱ्याच्या आंगणेवाडीतली भराडी देवीची जत्रा. हिला तिथी ठरलेली नाही. देवीचा कौल घेऊन गाव तारीख ठरवतं, ती बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये पडते आणि जाहीर झाली की मुंबईत काही तासांत सगळ्यांना कळते. त्याच दिवशी तिकीट काढा. कणकवली किंवा कुडाळला उतरून एस.टी.ने जाणं सर्वांत सोपं, स्वतःची गाडी तिथे गळ्यात पडते. जत्रेच्या रात्री आंगणेवाडीतल्या बायका मौन पाळून देवीचा प्रसाद रांधतात. त्या वेळी घरांच्या आसपास बडबड करत फिरू नका. रांग फार लांब वाटली तर पहाटे परत या, तेव्हा ती बरीच ओसरलेली असते. आणि ओटीचं सामान गावातल्याच दुकानातून घ्या. जत्रेचे दोन दिवस हीच त्या माणसांची मोठी कमाई असते.